पांढऱ्या बैलाचे रंग

चित्र करून घ्यायला माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. लोणावळ्यातले बंगलेवाले शनिवार-रविवारी, मोबाइलमध्ये लॅब्राडोरचे ढीगभर फोटो घेऊन. आणि पवन मावळ, नाणे मावळातले बैलगाडा मालक, फोटोत खिल्लार. पहिले सांगतात, ‘हसताना दाखवा हं.’ दुसरे बजावतात, ‘ताई, वशिंड बारीक करू नका.’ सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींची वाट मोकळी केली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा कायम ठेवला, तेव्हापासून दुसरी मंडळी वाढली आहेत. मला तीच जास्त आवडतात. जनावराच्या अंगाची त्यांना नेमकी माहिती असते.

मी सॉफ्ट पेस्टल वापरते. शाळेच्या दप्तरातले तेलकट खडू ते ऑइल पेस्टल, हे वेगळे. कोरडं रंगद्रव्य, खडूची पूड आणि कांडी टिकेल एवढाच डिंक. पाणी नाही, तेल नाही, वाळायची वाट बघणं नाही. रंग कागदाच्या खरखरीत दाण्यांत अडकून बसतो. गुळगुळीत कागदावर दोन थरांनंतर तो घसरू लागतो, म्हणून कागदावर पैसे वाचवू नयेत. खाली गडद थर बोटाने चोळून बसवायचा, त्यावर फिके केस पेस्टल पेन्सिलने एकेक ओढायचे, ते ज्या दिशेने उगवतात त्याच दिशेने. नाकाडावरून मागे, गालावरून खाली. दिशा चुकली की कुत्रं पावसात भिजल्यासारखं दिसतं.

खरी परीक्षा खिल्लार घेतो. लोक म्हणतात पांढरा, पण उन्हात उभा केला तर पाठीवर पिवळसर, पोटाखाली जमिनीचा तांबूस उजेड, मानेवर राखाडी आणि सावलीत चक्क निळा. म्हणून मी करडा कागद घेते. शुद्ध पांढरी कांडी हातात येते ती अगदी शेवटी, कपाळावर आणि वशिंडाच्या माथ्यावर.

डोळ्यांत नवशिके हमखास फसतात. बैलाची बाहुली आडवी असते, मांजराची उजेडात उभी चीर होते, बिबट्याची मात्र गोलच राहते. सगळ्यांना माणसाचे डोळे लावले की चित्र गोड होतं आणि जनावर हरवतं. बेडशाच्या लेण्यात खांबांच्या माथ्यावर घोडे, बैल, हत्ती बसवलेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी त्यांना गोंडस करायचा प्रयत्न केलेला नाही. शिकायला येणाऱ्यांना मी आधी तिकडे पाठवते.

फोटो जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यावा, जरा लांब उभं राहून. मोबाइल तोंडाजवळ नेला की नाक फुगतं, कान आक्रसतात आणि मालक मला म्हणतो, ‘हा आमचा नव्हे.’

रानातल्या जनावरांचं वेगळं. बिबट्या मावळात आहे, पण तो पोज देत नाही आणि माझीही मागायची तयारी नाही. तो वन्यजीव छायाचित्रकार मित्रांच्या फोटोंवरून, त्यांना विचारून. शेकरू मात्र मी राजमाचीच्या रानात मान दुखेपर्यंत पाहते. आपल्या राज्याचा हा प्राणी पेस्टलसाठीच जन्मला असावा: तांबूस-तपकिरी पाठ, साय रंगाचं पोट आणि टोकाला फिकट होत गेलेली झुबकेदार शेपटी.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर लोणावळ्यात कागद ओल धरतो आणि बुरशी रंगापर्यंत पोचते. फिक्सेटिव्हचा फवारा जास्त मारला तर फिके रंग काळवंडतात, म्हणून मी तो जवळजवळ टाळते. फ्रेमला काचच हवी. अॅक्रिलिकच्या पत्र्यावर स्थिर वीज साठते आणि रंगाची पूड त्याला जाऊन चिकटते. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटची फट, मागे सिलिका जेलची पुडी, आणि बाहेरच्या ओल्या भिंतीवर टांगायचं नाही.

भाद्रपदी पोळ्याला बैलाचं चित्र हवं, असा हट्ट दरवर्षी कुणीतरी धरतंच. मी सरळ सांगते, दिवाळीनंतर या. चैत्रातल्या जत्रेपर्यंत नक्की देते.