वाळूत पाय रोवलेले शिंपले

काजळी नदी समुद्राला मिळते ती रत्नागिरीजवळची भाट्याची खाडी. ओहोटीला तिथली वाळू उघडी पडली की बायका टोपल्या घेऊन उतरतात आणि वाळू उकरून तिसऱ्या नावाचे शिंपले काढतात. घरच्या सुक्यासाठी आणि बाजारासाठीही. डोकं नसलेला हा प्राणी वाळूत शिरतो कसा?

पायाने. तिसरीला पाय एकच, पण तो भलताच कर्तबगार आहे. शिंपा किंचित उघडून ती हा मांसल पाय खाली वाळूत खुपसते. मग त्यात रक्त भरून टोक फुगवते, म्हणजे ते घट्ट रुतून बसतं. लगेच दोन्ही शिंपा मिटतात, आतल्या पाण्याची चिळकांडी उडते आणि भोवतालची वाळू सैल होते. आता पायाचे स्नायू आवळले की अख्खा शिंपला खाली ओढला जातो. असं पुन्हा पुन्हा. अशाच खणणाऱ्या एका लांबट समुद्री शिंपल्यावरून अमेरिकेतल्या एमआयटीच्या अभियंत्यांनी ‘रोबोक्लॅम’ नावाचं यंत्र बनवलं.

वाळूत बसल्यावर तिसरी दोन नळ्या वर काढते. एकीतून पाणी आत येतं, दुसरीतून बाहेर जातं. श्वास आणि अन्न दोन्ही कल्ल्यांतूनच. पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ तिथेच गाळलं जातं. नर-मादी आपलं बीज पाण्यात सोडतात. अळ्या काही काळ तरंगतात आणि मग वाळूवर उतरतात. भरतीचं पाणी खाडीत परत येतं, म्हणून हे जमतं.

बारामतीहून समुद्र लांब, पण तिथल्या नीरा-भीमेच्या खोऱ्यातही वाळू-गाळात पाय रोवून जगणारे शिंपले आहेत. लॅमेलिडेन्स हा त्यांतला ओळखीचा गट. त्यांची अडचण वेगळी आहे. नदी एकाच दिशेने वाहते. अळ्या नुसत्या सोडून दिल्या तर पिढ्यान्‌पिढ्या खालीच वाहत जातील. म्हणून मादी अंडी आपल्या कल्ल्यांत सांभाळते. त्यांतून निघालेल्या अळ्या माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, त्याच्यासोबत प्रवाहाविरुद्ध प्रवास करतात आणि पुढे कुठेतरी गळून तळाशी रुजतात. मला तरी ही निसर्गातली एक विलक्षण सोय वाटते.

पण त्यामुळेच नदीतला शिंपला दुहेरी अडकलेला आहे. वाळूचा उपसा झाला की त्याचं घर जातं आणि बंधाऱ्याने माशाची वाट अडली की त्याच्या पिल्लांचीही अडते. शिवाय हे नुकसान चटकन दिसत नाही. मोठे शिंपले वर्षानुवर्षं जगतात, त्यामुळे पिल्लं होणं थांबल्यावरही पात्रात शिंपले सापडतच राहतात. नीरेचं खरं आरोग्य तपासायचं तर तळहाताएवढे शिंपले मोजून भागणार नाही. तळाची वाळू चाळून नखाएवढी पिल्लं शोधावी लागतील.