नाव एक, वाण किती?



पाड्यांवरचे जुने बियाणे टिकवायचे तर ते राख मिसळून मडक्यात ठेवले की झाले, त्यासाठी डीएनए तपासणी कशाला, असे काही हितचिंतक मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. राखेचे मडके आजही चांगले काम करते. फक्त आत नेमका कोणता वाण आहे, हे ते सांगत नाही.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा गावरान वाणांकडे पुष्कळांचे लक्ष गेले. काळभाताला नाव रंगावरून मिळाले, आंबेमोहोराला वासावरून. पण नावे माणसांबरोबर फिरतात. लेक सासरी मूठभर बी नेते आणि तिथे त्याला दुसरेच नाव पडते. उलट, दोन डोंगरांपलीकडचे 'काळभात' नावापुरतेच सारखे असू शकतात. बियाणे बँकेची जागा थोडी, आणि बी जिवंत राहावे म्हणून ते अधूनमधून पेरावेही लागते. अशा वेळी एकच वाण तीन नावांनी सांभाळला आणि खरोखर वेगळा असलेला 'तोच तो' म्हणून सोडला, तर तो पुन्हा मिळत नाही.

इथे डीएनए मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणा, उपयोगी पडतात. भाताच्या पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. त्यांवर काही जागी दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो: जीए, जीए, जीए. एकाच गीताचे ध्रुवपद एका मंडळीत दोनदा गातात, दुसरीत चारदा, तसेच हे. तुकडा किती वेळा येतो, ते वाणावाणात बदलते. या खुणांना एसएसआर म्हणतात. कोवळे पान कुटून डीएनए काढतात, पीसीआर यंत्रात त्या जागेच्या असंख्य प्रती करतात आणि त्या जेलमध्ये घालून वीज सोडतात. आखूड तुकडे पुढे पळतात, लांब मागे राहतात; त्या पट्ट्यांवरून तुलना होते. मात्र एका जागेवरून किंवा एका रोपावरून काही ठरवू नये. गावरान वाणात रोपारोपांत फरक असतो, आणि माझ्या मते तीच त्याची श्रीमंती.

बहुतेक खुणा नाते सांगतात, गुण नाही. भाकरी कशी होते, पाऊस लांबला तर पीक तगते का, हे पेरणाऱ्या बायांनाच विचारावे. कधी मात्र खूण गुणाच्या अगदी शेजारी सापडते. ओडिशातील गावरान भातातून निवडलेला एफआर १३ए हा वाण पुरात बुडूनही तगतो. त्यामागचा सब१ए जनुक २००६ साली उजेडात आला. मार्करच्या मदतीने तो गुण लोकप्रिय 'स्वर्णा' भातात आणला गेला, आणि २००९ साली स्वर्णा-सब१ भारतात प्रसारित झाला. तो सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही पुन्हा फुटतो.

२००१ च्या कायद्याने शेतकरी व गावसमूह आपला वाण नोंदवू शकतात. तिथे वेगळेपण शेतात पेरून, लोंबी-दाणा पाहून ठरते. डीएनए जोडीला असतो. म्हणून पान घेण्याआधी कुटुंबाची संमती घ्यावी आणि निष्कर्ष त्यांना त्यांच्या बोलीत सांगावा, असा माझा आग्रह असतो. पाकिटावर नुसता क्रमांक नको. बी देणाऱ्या बाईचे नाव, तिचे गाव आणि तिच्या घरात त्या बियाला काय म्हणतात, तेही हवे.