दोन डोंगर आणि बोलका डबा

50 किलोमीटर लांबच्या डोंगरापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं म्हटलं तर? मध्ये दरी, नदी, काटेरी झुडपं. पट्टी धरणारा रडकुंडीलाच येईल! म्हणून पूर्वी मोजणीदार सपाट माळावर एकच रेषा जिवापाड जपून मोजत आणि बाकीची अंतरं कोन घेऊन गणिताने काढत.

1957 साली दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर वॅडलीने भन्नाट यंत्र आणलं, टेल्युरोमीटर. महायुद्धात रडारवर काम केलेला गडी तो! एक डबा या डोंगरावर, दुसरा त्या डोंगरावर. पहिल्याने रेडिओलहरी सोडायच्या, दुसऱ्याने परत धाडायच्या आणि जाऊन-येऊन लागलेला वेळ मोजायचा. सोपं वाटलं? अहो, 100 किलोमीटरची ही जा-ये सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात संपते! घड्याळ काय कामाचं?

म्हणून डब्यावर छोटा गोल पडदा होता. त्यावर प्रकाशाचं वर्तुळ, वर्तुळात बारीकशी फट आणि कडेने 100 खुणा. फट कुठल्या खुणेपाशी आली ते वाचायचं. एक खूण म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, अंतरात फक्त 15 सेंटिमीटर! गंमत अशी, की दर 15 मीटरला फट फिरून पुन्हा शून्यावर. मग अशा किती फेऱ्या झाल्या हे कळायला कंप्रता किंचित बदलून पुन्हा पुन्हा वाचायचं.

मला मात्र त्यातला टेलिफोन फार आवडतो. हो, त्याच लहरींवरून दोन्ही डोंगरांवरची माणसं बोलायची! ‘‘पुढची कंप्रता लाव रे.’’ ‘‘तुझ्याकडे तापमान किती?’’ तापमान कशाला? हवेतली वाफ लहरींना रेंगाळायला लावते. तो हिशोब करायला दोघांकडे ओला आणि कोरडा असे दोन-दोन थर्मामीटर असत.

पुढे इन्फ्रारेड आलं, जीपीएस आलं आणि टेल्युरोमीटर संग्रहालयात गेला. पण जुनी मंडळी सगळीच काही निवृत्त झाली नाहीत. स्वित्झर्लंडच्या केर्न कंपनीचा 1980च्या दशकातला मेकोमीटर घ्या. लाल लेझरने एक किलोमीटर मोजताना तो अर्धा मिलिमीटरसुद्धा चुकत नाही. त्याचं उत्पादन कधीच थांबलं. तरी फिनलंडच्या नुम्मेलातल्या 864 मीटरच्या अतिअचूक रेषेवर पारखलेला मेकोमीटर 21व्या शतकातही देशोदेशी नेला गेला, तिथल्या मोजखांबांमधली अंतरं ठरवायला. त्याच खांबांवर मग नवी चकाचक यंत्रं तपासतात. आकडा जुळला नाही, तर कान पिळला जातो तो नव्या यंत्राचाच!