बैलाचा खांदा आणि धन्याचा खांदा

बेंदूर असो वा पोळा, आदल्या सायंकाळी खांदेमळणी करण्याची रीत आपल्याकडे अनेक गावांत अद्याप पाळली जाते. बैलाचा खांदा शेकून त्यास हळद व लोणी चोळावयाचे आणि वर्षभराच्या जोखडाचा शीण उतरवावयाचा. जुवाने खांदा सुजला असता बैल औतास जुंपू नये, हेही शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु त्याच शेतकऱ्याचा स्वतःचा खांदा महिनोन्महिने ठणकत असला, तर तो ते दुखणे ‘वात’ म्हणून अंगावर काढतो. शेतीच्या पत्रिकेत माणसाच्या सांध्याचा विषय कशास, असे कोणास वाटेल. पण कोयता, फवारणीचा पंप आणि खताची गोणी ही तिन्ही ज्या एका सांध्यावर चालतात, त्याची निगा अवजारांच्या निगेइतकीच महत्त्वाची आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते एका चुकीमुळे, आणि ती चूक माझीच होती. इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्याखालील एका गावी साठीच्या घरातील एक ऊस व द्राक्ष बागायतदार आहेत. त्यांचा उजवा खांदा तीन-चार वर्षे दुखतच होता. एके दिवशी ट्रॉलीतून गोणी उतरविताना त्यास हिसका बसला आणि त्या दिवसापासून हात वर जाईना. मी पीकपाहणीस गेलो असता त्यांनी ही गोष्ट सांगितली. “तेल चोळून शेका, उतरेल,” असे मी सहज बोलून गेलो. सरकारी माणसाचा शब्द म्हणून त्यांनी तो मानला. वर्षाने पुन्हा भेट झाली तेव्हा त्यांना त्या हाताने डोक्यावरची टोपीही सारखी करता येत नव्हती. तपासणीत स्नायुबंध फाटून मागे सरकलेला, स्नायूत चरबी भरलेली आणि सांध्याचा गोळा वर चढलेला आढळला. “हिसका बसताच आला असता तर जोडण्याचा विचार करता आला असता,” असे डॉक्टरांनी सांगितले. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

खांद्याची रचना समजून घेतल्यास हे का घडले ते उमगते. खुब्याचा सांधा उखळीत मुसळ बसावे तसा खोल असतो. खांद्याचे तसे नाही. दंडाच्या हाडाचा मोठा गोळा एका उथळ बशीवर टेकलेला असतो. म्हणूनच हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच हा सांधा डळमळीतही असतो. फऱ्याच्या हाडापासून निघणारे चार स्नायू आपल्या बंधांनी या गोळ्यास पुढून, वरून व मागून वेढतात. या वेढ्यास डॉक्टर मंडळी रोटेटर कफ म्हणतात. खांद्यावर बाहेरून दिसणारा जाड स्नायू, म्हणजे डेल्टॉइड, हात वर ओढतो. त्याच वेळी हे चार स्नायू गोळ्यास बशीवर दाबून धरतात. एक बैल जोराचा आणि दुसरा तास न सोडणारा, अशी ही जोडी आहे. तास धरणारा बैल बसला की जोराचा बैल औत भलतीकडेच नेतो. त्याचप्रमाणे कफ फाटला की डेल्टॉइडच्या ओढीने हात वर जाण्याऐवजी गोळाच वर सरकतो व वरच्या हाडाच्या छताखाली घासू लागतो. काही रुग्णांत पुढे वर्षांनुवर्षे घासून कूर्चा झिजते, हाड खचते आणि संधिवात जडतो. अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी 1983 साली या अवस्थेचे सविस्तर वर्णन करून तिला स्वतंत्र नाव दिले.

प्रत्येक फाटलेल्या बंधाची अशी गत होते असे मात्र नाही. साठीनंतर कित्येकांचा कफ थोडाफार विरलेला असतो आणि त्यांस त्याचा पत्ताही नसतो. छायाचित्रात फाट दिसली म्हणून घाबरून जाऊ नये. हात काय काम करतो, हे अधिक महत्त्वाचे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने एक साधी गोष्ट पाहावी. रोग्यास स्वतःला हात वर नेता येत नाही, पण दुसऱ्याने अलगद उचलला तर तो वर जातो, असे असेल तर दोष बहुधा बंधात आहे. दुसऱ्याने उचलूनही हात जागचा हलत नसेल, तर खांदा आखडलेला असण्याचा संभव अधिक. हा प्रकार मधुमेही लोकांत विशेष आढळतो व त्याचा उपचार निराळा आहे. कफच्या दुखण्यात त्या कुशीवर झोपवत नाही आणि हात बाजूने खांद्याच्या उंचीजवळ येताना कळ येते. पडल्यावर वा हिसका बसल्यावर हात एकाएकी लुळा झाल्यास मात्र वाट पाहू नये. जुना बंध आक्रसून जातो. पहिल्या काही आठवड्यांत त्याची दुरुस्ती पुष्कळच सुकर असते. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण व घाम असेल तर तो खांद्याचा विषयच नव्हे, रोग्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

आपल्या भागात हा सांधा कोठे झिजतो, हे शिवारातून फिरताना सहज दिसते. द्राक्षाच्या मांडवाखाली छाटणी, विरळणी व घड बुडविण्याची कामे दिवस दिवस हात वर धरून चालतात. ठेंगण्या स्त्रियांस याचा त्रास अधिक होतो. पायाखाली वीतभर उंचीचा रुंद, न डगमगणारा पाट दिला तरी कोपर खांद्याच्या खाली येते. सोळा लिटरच्या पंपात पाण्याचेच ओझे सोळा किलो होते, पंपाचे वजन निराळे. तो जमिनीवरून एका हाताने हिसडून पाठीवर घेण्यापेक्षा ओट्यावर ठेवून त्यात पाठ घालावी. दुखऱ्या खांद्याने तो निम्माच भरावा. युरियाची गोणी 45 किलोची असते, ती दोघांनी धरावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची कमाल मर्यादा 55 किलो सुचविली होती. परंतु ती धडधाकट माणसासाठी.

ऊसतोड मजुरांविषयी लिहिताना हात थोडा अडखळतो. भवानीनगर, बिजवडी, माळेगाव या कारखान्यांच्या हंगामात बीड व अन्य जिल्ह्यांतून जी कुटुंबे येतात, ती दिवसभर कोयता चालवून मोळ्या डोक्यावर घेतात आणि अरुंद फळीवरून वाहनात चढवितात. त्यांस ‘विश्रांती घ्या’ असे सांगणे सोपे. पण उचल अंगावर असते आणि एका दिवसाच्या खाड्याचे पैसे कापले जातात. मुकादमाने व बागायतदाराने मोळी लहान बांधू दिली, कोयत्यास वेळेवर धार लावून घेतली आणि दुखऱ्या खांद्याच्या माणसास मोळी बांधण्याचे काम दिले, तर ते उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

उपचारांत व्यायामास पहिले स्थान आहे. वर सांगितलेल्या बागायतदारांस जो क्रम शिकविला गेला तो असा. उताणे निजून चांगल्या हाताच्या आधाराने दुखरा हात छताकडे उभा करावयाचा, मग आधार सोडून तो मागेपुढे थोडाथोडा झुलवावयाचा. हे साधल्यावर पाठीमागे उशा लावून हळूहळू बसते व्हावयाचे. कोपर बरगडीशी ठेवून सायकलच्या ट्यूबचा तुकडा बाहेरच्या बाजूस ताणावयाचा. रोज दोन-तीन वेळा, तीन महिने. ताजी दुखापत असता डॉक्टरांनी पाहिल्यावाचून मात्र काही करू नये. स्टेरॉइडची सुई काही काळ ठणका शमविते, परंतु वरचेवर घेतल्यास बंध कमकुवत होण्याचा धोका असतो आणि मधुमेह्याची साखर वाढते. वेदनाशामक गोळ्या उन्हात, पाण्यावाचून काम करताना सतत घेणे मूत्रपिंडास घातक ठरते.

व्यायामाने भागले नाही आणि सांधाच झिजला, तर शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. फ्रान्समधील पॉल ग्रामाँ यांनी 1985 च्या सुमारास सांध्याची मांडणीच उलटी केली: बशीच्या जागी गोळा आणि दंडाच्या हाडावर बशी. त्यामुळे कफ नसतानाही एकटा डेल्टॉइड हात उचलू शकतो. ही शस्त्रक्रिया महाग असून सर्वांसाठी नाही. बारामती येथे 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्यास ससून रुग्णालय आहेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, ते रुग्णालयातील आरोग्यमित्रास आधी विचारून घ्यावे आणि शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर न्यावे.

आमच्या बागायतदारांनी शस्त्रक्रिया नको म्हटले. व्यायाम मात्र नेमाने केला. आज त्यांचा हात खांद्याच्या उंचीपर्यंत येतो, रात्री झोप लागते. टोपी डाव्या हातानेच घालतात. मांडवाखालचे काम त्यांनी मुलाकडे सोपविले असून स्वतः ठिबकच्या नळ्या तपासणे आणि हिशेब राखणे यांत ते असतात. गेल्या हंगामात त्यांच्या बांधावर भरणीस आलेल्या टोळीतील एका तरुणाचा खांदा दुखावला, तेव्हा माझी वाट न पाहता त्यांनीच त्यास मोटारसायकलवर बसवून दुसऱ्या दिवशी इंदापूरला दवाखान्यात पाठविले.