मैफल पुरासाठी, माइक घरासाठी

1838 मध्ये डॅन्यूबच्या पुरानं पेस्ट शहर उद्ध्वस्त झालं, तेव्हा पियानोवादक लिस्टनं व्हिएन्नात मैफली करून पूरग्रस्तांसाठी पैसे उभे केले. मीही मदतनिधीसाठी वाजवते. सभागृहातला पियानो कसा निघेल, हे नशिबावर! श्रोते मात्र उदार; चुकलेला सूर टाळ्यांत वाहून जातो.

माइकला ती दयामाया नाही. घरी रेकॉर्डिंग करताना अपराइट पियानोचं वरचं झाकण उघडते, दोन कंडेन्सर माइक जरा लांब ठेवते, पंखा-फ्रिज बंद करते. दादरच्या पावसाळी दमट हवेत आतली लाकडी फळी फुगते, सूर चढतात. म्हणून ट्यूनर येऊन गेला की लगेच रेकॉर्डिंग उरकायचं. तरी पेडलची करकर आणि भाजीवाल्याची आरोळी शिरतेच. पेडलला वंगण लावते. भाजीवाल्याला राहू देते.