वेल्डिंगचा जोड वरून जाड, आतून कच्चा नको



मागच्या ऊसतोडणीच्या हंगामात आमच्या भागात उसाने भरलेली एक ट्रॉली चढावरून मागे घसरली. ट्रॉली ओढणारा दांडा वेल्डिंगच्या जोडावरच तुटला होता. मागे कोणी नव्हते म्हणून निभावले. तुटलेला जोड पाहिला, तर वरून वेल्डिंग चांगले जाड. आत मात्र प्लेटच्या कडा जशाच्या तशा, काळ्या, न वितळलेल्या!

वेल्डिंग कारागीर करतो, हे खरे. पण काम कसे करून घ्यायचे, एवढे आपल्याला ठाऊक हवे.

जोडाचे प्रकार

लोखंडी प्लेटचे मुख्य जोड पाच आहेत.

१. समोरासमोर जोड : दोन प्लेटच्या कडा एकमेकींना भिडवून केलेला. प्लेट ६ मि.मी.पेक्षा जाड असेल तर प्रत्येक कड सुमारे ३० अंश तिरपी घासावी, म्हणजे मध्ये ‘व्ही’सारखी खाच पडते. तळाशी २ ते ३ मि.मी. फट ठेवावी. आमच्या दांड्याला ही खाचच केलेली नव्हती.

२. चढता जोड : एक प्लेट दुसरीवर चढवून केलेला. प्लेटच्या जाडीच्या चौपट, पण किमान ४० मि.मी. चढ द्यावा आणि दोन्ही कडांना वेल्डिंग मारावे.

३. टी-जोड : आडव्या प्लेटवर उभी प्लेट. एकाच बाजूने वेल्डिंग मारले तर हिसका बसताच जोड उलगडतो. म्हणून दोन्ही बाजूंनी मारावे.

४. कोपऱ्याचा जोड : पेटी, टाकी यांच्या कोपऱ्यांसाठी.

५. कडेचा जोड : दोन प्लेट अंगाला अंग लावून नुसत्या कडा जोडणे. हा हलक्या कामाचा. ओढीच्या जागी मुळीच नको.

काम कोणत्या स्थितीत करावे?

वितळलेले लोखंड पाण्यासारखे खाली धावते. म्हणून प्लेट जमिनीवर सपाट ठेवून वरून केलेले वेल्डिंग सर्वांत सोपे आणि भरवशाचे. उभ्या प्लेटवर आडवा जोड मारताना रस खालच्या अंगाला ओघळतो. जोडच उभा असेल तर जाड प्लेटला खालून वर मारावे. वरून खाली काम झटपट होते, पण जोड आतून कच्चा राहण्याचा धोका असतो. ट्रॉलीखाली झोपून, डोक्यावर वेल्डिंग मारणे सर्वांत अवघड. तेव्हा दांडा सुटत असेल तर सोडवून खाली घ्यावा. तास-दोन तास जादा गेले तरी चालतील.

कारागिराला एवढे सांगा

• रंग, गंज, ग्रीस घासून काढा.
• जुन्या भेगेवर थर चढवू नका. भेग संपेपर्यंत घासा, मग भरा.
• प्रत्येक थरावरची खपली ठोकून, ब्रशने साफ करूनच पुढचा थर द्या.
• जोड पाणी ओतून थंड करू नका.

ट्रॉली आधी रिकामी करून ट्रॅक्टरपासून सोडवा. डिझेलच्या रिकाम्या पिंपाला वेल्डिंग कधीच करू नका. आतल्या वाफेने स्फोट होतो. वेल्डिंगच्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका, पोरांनाही लांब ठेवा.

घरी आल्यावर जोड नीट पाहा. बारीक भोके, भेगा, कडेला खोल चर दिसला तर तो पुन्हा करून घ्या. मगच ट्रॉली भरा.