देवमाशाचा अर्थ कोण ठरवतो?

हर्मन मेलव्हिलच्या ‘मोबी डिक’ (1851) या कादंबरीतला पांढरा देवमासा म्हणजे नियती, ईश्वर की सैतान, असं वाचक हमखास विचारतात. माझ्या मते तिथे कोणाला काय दिसतं हे पाहावं; त्यातून माणूस उलगडतो. तो मासा प्रथम हेरणाऱ्यासाठी कप्तान एहॅब डोलकाठीवर सोन्याचं नाणं ठोकतो. त्या एकाच नाण्यात एहॅबला स्वतःचीच प्रतिमा दिसते, त्याच्या जहाजावरच्या श्रद्धाळू अधिकारी स्टारबकला ईश्वराची खूण, आणि स्टारबकचा सहकारी फ्लास्क सरळ हिशेब मांडतो: 16 डॉलर, म्हणजे 960 सिगार!

यावर कोणी म्हणेल, मग मासा हा नुसता मासाच. 1820 मध्ये ‘एसेक्स’ हे जहाज खऱ्याखुऱ्या देवमाशानेच बुडवलं होतं. आक्षेप रास्त आहे. स्टारबकही एहॅबला हेच बजावतो, की मुक्या जनावरावर सूड कसला उगवायचा? पण त्याने मुद्दा उलट बळकट होतो. इंग्रज कप्तान बूमरचा हात याच माशापायी गेला, तरी तो पुन्हा त्याच्या वाटेला जायला तयार नाही. एहॅबचा पाय गेला, आणि तो अख्खं जहाज पणाला लावतो. विनाश ओढवतो तो एहॅबच्या हट्टामुळे, आणि त्यात कादंबरीचा निवेदक इश्माएल सोडून सगळे खलाशी बुडतात.